जावयाची तीन मिनिटं

आप्पांनी लाल दिवा कपाटावरून खाली काढला आणि स्वतःच्या हातानं पुसायला घेतला, तेव्हाच मधलीनं ओळखलं, की आजचं जेवण कुणाच्याही घशाखाली सुखानं उतरायचं नाही.

वाढदिवस आप्पांचा होता. ऐंशी ओलांडलेला माणूस. टेबलावर केक हवा, मेणबत्त्या हव्यात, नातवंडांचा गोंगाट हवा. ते सोडून म्हातारा दिव्याची काच फडक्यानं घासत बसला होता. आणि त्यांना अडवणार कोण? रेडिओ केंद्राची जुनी इमारत पाडली, तेव्हा कंत्राटदाराच्या मागे लागून त्यांनी हा दिवा मिळवला होता. स्टुडिओच्या दारावरचा दिवा. तो लागला, की आतला माइक चालू आणि बाहेरच्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आप्पांनी आयुष्यभर त्या दिव्याखाली बातम्या वाचल्या. युद्ध पेटलं तरी आणि गाजराचे भाव उतरले तरी आवाज तोच, पट्टी तीच. त्याचा त्यांना भारी अभिमान.

घरातही तोच कायदा. भांडण झालं, की दिवा जेवणाच्या टेबलावर यायचा. ज्याच्यासमोर दिवा, त्यानं तीन मिनिटं बोलायचं. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. मग दिवा समोरच्याकडे. दोन्ही बाजूंना सारखा वेळ. आप्पा निकाल कधी द्यायचेच नाहीत. "ऐकणाऱ्यांनी ठरवावं," म्हणायचे आणि हात धुवायला उठायचे. वेळ मोजायचं घड्याळ मात्र पहिल्यापासून मधलीच्या हातात. "तू मधली ना? मग मध्येच बस," असं म्हणून त्यांनी ते तिच्या गळ्यात अडकवलं, तेव्हा तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. पुढे ती त्याच केंद्रात निर्माती झाली, 'दोन बाजू' नावाचा कार्यक्रम करू लागली, तोही वर्षानुवर्षं. म्हणजे लहानपणी गळ्यात पडलेलं घड्याळ गळ्यातच राहिलं म्हणायचं.

"आप्पा, आज नको ना दिवा," ती म्हणाली.

"का नको? घरात दोन मतं आहेत. मला दोन्ही ऐकायचीत."

दोन मतं! मधलीच्या डोक्यात कळ उठली. मंगळवारपासून हा शब्द ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

मंगळवारी सकाळी तिच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. दादा नुसता घरातला दादा नव्हता, अख्ख्या शहराचा दादा होता. 'चहाआधी' हा त्याचा कार्यक्रम ऐकल्याशिवाय लोक बूट घालत नसत. एका बाईनं फोन करून तक्रार केली, की शेजारच्या फ्लॅटमध्ये एक अरब कुटुंब राहायला आलंय, रात्री मोठ्यानं बोलतात. दादानं हसून उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "अहो बाई, अरबांनी जगाला दिलं काय? तेल. तेही जमिनीतलं, यांच्या बापानं ओतलेलं नव्हे. बाकी हात कापायचे आणि बायका झाकायच्या. असला शेजार हवाय कुणाला?" आणि लगेच पुढचं गाणं.

दुपारपर्यंत केंद्राच्या फाटकापाशी दोन घोळके जमले. एक म्हणत होता, दादाला हाकला. दुसरा म्हणत होता, दादाच खरं बोलतो. संध्याकाळी केंद्रानं 'चहाआधी' थांबवला, पण दादाला काढलं नाही. चौकशी चालू. शुक्रवारी संचालकांनी मधलीला खोलीत बोलावून घेतलं.

"'दोन बाजू'चा खास भाग करू या," ते म्हणाले. "एका बाजूला दादांच्या मताचे प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला एखादा अरब. शोधायलाही नको, तुमच्या घरातच आहे की! केंद्र निःपक्षपाती आहे, हे लोकांना दिसलं पाहिजे."

तिच्या ओठांवर शिवी आली होती. आणि ती काय म्हणाली? "बघते." आयुष्यात प्रत्येक वेळी म्हणाली तेच. घरी येईपर्यंत तिनं स्वतःलाच लाखोली वाहिली.

आता स्वयंपाकघरात तिची लेक, चिमणी, बटाट्याची सालं काढत होती. पोटात पाचवा महिना, म्हणून स्टुलावर बसून. चिमणीचा नवरा बाहेरच्या खोलीत आप्पांना नवं श्रवणयंत्र बसवून देत होता. तो दातांचा डॉक्टर, पण आप्पांची यंत्रंबिंत्रं नेहमी तोच बघायचा. आणि तो अरब. त्याच्या आजोबांनी या शहरात बूट शिवायचं दुकान काढलं होतं. त्याच दुकानाच्या जागी आता त्याचा दवाखाना होता.

"आई, दिवा काढलाय का आप्पांनी?"

"काढलाय."

"घड्याळ तुझ्याकडेच असणार?"

"असतंच की."

चिमणीनं सुरी खाली ठेवली. "मंगळवारी ह्याच्या दवाखान्यात काय झालं, तुला सांगितलंच नाही मी. बाहेर बसलेल्या पेशंटसाठी रेडिओ असतो ना? तिथे रोज मामाचाच कार्यक्रम लावतो हा. कौतुकानं! कुणी विचारलं तर सांगतो, माझे मामेसासरे आहेत. मंगळवारीसुद्धा ह्यानंच आवाज मोठा केला. खुर्चीत एक माणूस होता, नुकतं इंजेक्शन दिलेलं. ऐकून उठला. अर्धा जबडा बधिर, लाळ गळतेय, आणि तसाच विचारतो, 'इथे दुसरा डॉक्टर नाही का?' गेला निघून."

मधलीच्या हातातलं भांडं तिथेच थांबलं.

"हा काय म्हणाला?"

"काही नाही. खिडकीतून ओरडला, 'दोन तास गरम काही पिऊ नका, तोंड भाजेल.' त्या माणसाची काळजी करतोय, बघ!" चिमणीचा आवाज फाटला. "आई, तू आज परत वेळ मोजणार असशील, तर आम्ही केक कापून निघतो. आणि पुन्हा येणार नाही. बाळ झाल्यावरही नाही. त्यालाही तीन मिनिटं देणार आहात का तुम्ही, आपण माणूस आहोत हे पटवून द्यायला?"

"अगं, तो तुझा मामा आहे. बाबा गेले तेव्हा..."

"तेव्हा त्यानं आपलं सगळं केलं. माहितेय मला. म्हणून त्यानं काहीही बोलावं?"

दादानं खरंच केलं होतं. मधलीचा नवरा गेला, तेव्हा आठवडाभर तिच्या दारात झोपला होता तो. चिमणीच्या लग्नाच्या वेळी दिवा लागला होता, तेव्हाही सगळे कुरकुरत असताना एकटा दादाच तीन मिनिटं लग्नाच्या बाजूनं बोलला. "मुलगा त्यांच्यातला वाटतसुद्धा नाही," म्हणाला होता. तेव्हा सगळे हसले, मधलीही हसली. आज ते हसू आठवून तिची कानशिलं तापली.

जेवायला बसताना तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वहिनीनं खुर्च्या हलवल्या होत्या. वहिनी म्हणजे दादाची बायको. घरात कोणतीही खुर्ची तिच्या मनाविरुद्ध हलत नसे. वाढदिवस आप्पांचा, पण आप्पांना कोपऱ्यात ढकललेलं. खिडकीतला चांगला उजेड पडत होता तिथे दोन खुर्च्या, दादाची आणि जावयाची, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा. दादानं नवा निळा शर्ट घातलेला.

"वहिनी, कोण येणारेय?"

"कोण म्हणजे? साप्ताहिकाची ती बातमीदार. आप्पांच्या वाढदिवसाचा फोटो काढते म्हणाली बिचारी. चार ओळीही लिहील." वहिनीनं आवाज उतरवला. "संचालकांनीच सुचवलंय. दादांनी माफी लिहून ठेवलीय, ती वाचतील, शेजारी जावई बसलेला दिसेल, विषय मिटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तू फाटे फोडू नकोस बाई."

"त्याला विचारलंत?"

"घरच्या माणसाला काय विचारायचं?"

घरच्या माणसाला! मधलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंगळवारी नको असलेला शेजारी रविवारी फोटोपुरता घरचा झाला होता. पण तेवढ्यात आप्पांनी चमच्यानं पेला वाजवला, दिव्याचं बटण दाबलं आणि टेबलावर लाल उजेड पडला. भाजलेली कोंबडी सगळ्यांच्या मध्ये गार होत बसली.

"धाकट्याचा निरोप आलाय," आप्पा म्हणाले. "तो म्हणतो, मी तटस्थ आहे."

"तो जेवणाचं बिल आलं तरी तटस्थच असतो," चिमणी पुटपुटली.

आप्पांनी दिवा दादाकडे वळवला. "तुझी बाजू."

मधलीनं घड्याळ दाबलं. अंगठ्याला सवय होती. डोकं विचार करेपर्यंत तो दाबून मोकळा. चिमणीनं आईकडे पाहिलं आणि मान फिरवली.

दादा बोलला, आणि काय बोलला! आवाजात लोणी. आधी आप्पांचं कौतुक, मग केंद्राची परंपरा. मग म्हणाला, की लोक हल्ली हसणंच विसरलेत. आपण सगळ्यांचीच थट्टा करतो, स्वतःच्या टकलाचीसुद्धा. "आणि माझ्या मनात विष असतं," त्यानं जावयाच्या खांद्यावर हात टाकला, "तर ही पोर मी ह्यांच्या घरात जाऊ दिली असती? विचारा जावईबापूंना. त्या दिवशी ह्याच दिव्याखाली तुमच्यासाठी कोण भांडलं?" वेळ संपायच्या आत त्यानं नेमकं वाक्य संपवलं. ते त्याला बरोबर जमायचं. जावयाच्या खांद्यावरचा हात मात्र त्यानं तसाच ठेवला.

"छान," आप्पा म्हणाले. त्यांनी दिवा जावयासमोर ठेवला. अगदी मनापासून, मायेनं. म्हाताऱ्याला खरंच वाटत होतं, की आपण त्याचा मान राखतोय. "आता तुमची बाजू. कुणी मध्ये बोलायचं नाही. वेळ तेवढाच."

अंगठा पुन्हा दाबला गेला.

जावयानं दिव्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दादाचा हात उचलून, एखादा नॅपकिन ठेवावा तसा टेबलावर ठेवला. आणि गप्प बसला.

सगळे थांबले. त्याला शब्द जुळवायला वेळ लागत असेल असं वाटलं. पण तो शब्द जुळवत नव्हता. हात मांडीवर, पाठ ताठ, नजर दिव्यावर. तो बोलणारच नव्हता.

आता ज्या घरात कुणी रेडिओवर काम केलेलं नाही, तिथे ही शांतता खपली असती. ह्या घरात नाही. इथे मुलांना बोलायला यायच्या आधी शिकवलं जायचं, की माइक चालू असताना गप्प बसणं हे सगळ्यात मोठं पाप. लोक शिव्या माफ करतील, खोकला माफ करतील, शांतता नाही. आप्पांना एकदा बातम्या वाचताना बाजूच्या बादलीत ओकावं लागलं होतं, तरी दोन ओळींच्या मध्ये खंड पडू दिला नव्हता त्यांनी. वहिनी पदराशी चाळा करू लागली. आप्पांनी श्रवणयंत्र चाचपलं. त्यांना वाटलं बंदच पडलं. मधली तर पन्नाशी उलटलेली बाई, पण आत्ता कुणीतरी काहीही बोलावं, निदान चमचा पाडावा, असं तिला वाटत होतं.

"लाइन कट झाली वाटतं," दादा हसत म्हणाला.

कुणी हसलं नाही.

"बोला ना, जावईबापू. आप्पांचा वाढदिवस आहे. मान ठेवा थोडा."

जावई गप्प.

"अरे, रागव हवं तर! शिव्या दे. मी माफी मागायला तयार आहे ना?" दादाच्या कपाळावर घाम आला. निळ्या शर्टावर काखेत डाग दिसायला लागले. "बोलत का नाहीस? हेच! बघा आप्पा, अगदी हेच! ह्या लोकांचं हे असंच. तोंडावर गोड, आणि आत काय शिजतंय ते कधी कळू द्यायचं नाही. आम्ही पोर दिली, ताटाला ताट लावून बसवलं, तरी ह्यांचा नखरा! मंगळवारी मी बोललो त्यात एक शब्द खोटा नव्हता. एकसुद्धा! माफीचा कागद संचालकाला दाखवायला आहे. मनात विचाराल तर पुन्हा बोलेन."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं बहुतेक. तो हबकून थांबला.

आप्पा उभे राहिले. "दिव्याखाली," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या वेळेत बोललास?"

इतकं सगळं होऊन म्हाताऱ्याला लागला तो नियम! चिमणी खुर्ची मागे ढकलून उठली. "चल," ती नवऱ्याला म्हणाली. "मिळाली आपली बाजू."

"थांब," आप्पा म्हणाले. ते अजून दादाकडेच बघत होते. चेहरा कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखा झाला होता. "जावयाला मी हे ऐकवायला बोलावलं? माझ्या टेबलावर?" आणि त्यांनी दिव्याची वायर भिंतीतून खस्सकन ओढून काढली.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"आली ती," वहिनी झटकन उठली. "आवरा गं. दोन मिनिटांचं काम. ए मधली, हसरा चेहरा कर जरा. घरातलं घरात. तुझ्या भावाच्या पोटावर पाय येईल."

दादानं मधलीकडे पाहिलं. शहराचा दादा नव्हे, दारात झोपणारा भाऊ. "तू सांग ना त्यांना," तो हळू म्हणाला. "तू कुणाच्याच बाजूची नाहीस. तुझं ऐकतील."

मधलीनं गळ्यातलं घड्याळ काढलं. ते अजून चालूच होतं. जावयाची तीन मिनिटं केव्हाच संपून गेली होती. तिनं ते गार कोंबडीच्या ताटात टाकलं आणि दार उघडायला गेली. मागून वहिनी "अगं, अगं" करत राहिली.

दारात गळ्यात कॅमेरा अडकवलेली तरुण बातमीदार उभी होती, हातात फुलं. "आजोबांना शुभेच्छा," ती म्हणाली. "दादा आज माफी मागणार ना? जावयांसोबत फोटो?"

"फोटो नाही मिळायचा," मधली म्हणाली. "माफी खोटी आहे. आत्ता जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला, की मंगळवारी बोलला त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि पुन्हा बोलेन. अरब जावयाला शेजारी बसवून म्हणाला. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

"मधले!" दादा किंचाळला. तो आवाज तिनं रेडिओवर कधीच ऐकला नव्हता. "वेड लागलं का तुला? आप्पा, सांगा हिला! हे हिचं मत आहे!"

बातमीदारानं फुलं बगलेत धरली आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं. आप्पा टेबलाच्या कडेला धरून उभे होते. त्यांनी घसा साफ केला, तसा ते बातम्यांच्या आधी करत.

"मत नाही," ते म्हणाले. "ही बातमी आहे. मी ऐकलं ते असंच आहे."

बातमीदार गोंधळली. तिनं जावयाकडे पाहिलं. "तुम्हाला काही बोलायचंय?"

"माझं नाव घालू नका," तो म्हणाला. दिवा समोर आल्यापासूनचे त्याचे पहिले शब्द. "उद्या पेशंट आहेत मला. बाकी हे ह्यांचं घर आहे, ह्यांनीच बोलावं."

चिमणी अजून पर्स खांद्याला लावून उभी होती. मधलीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि आत्ता रडायचं नव्हतं. आत्ता तिला राग हवा होता, आणि तो आयुष्यभराचा साठलेला होता.

बातमीदारानं दबक्या आवाजात विचारलं, "ताई, केंद्रात तुम्हाला त्रास होईल. तुमची नोकरीही तिथेच ना? मी 'घरातल्या सूत्रांनी सांगितलं' असं लिहू का?"

"नाही," मधली म्हणाली. "सख्ख्या बहिणीनं सांगितलं, असं लिहा."

तिच्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चिमणी पुन्हा टेबलाशी बसत होती.